शेतमजुरांना ओव्हरटाइम मिळतो का? आईच्या हजेरीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आई एका द्राक्षबागेत रोजाने जाते. एरवी आठ ते पाच, पण खुडा सुरू झाला की गाडी भरेपर्यंत कुणाला सोडत नाहीत. यंदा फेब्रुवारीत सलग अकरा दिवस ती रात्री साडेआठ-नऊला घरी आली. कात्रीने बोटं सोलून निघालेली आणि हजेरी मात्र एकच. विचारलं तर मुकादम म्हणतो, "ओव्हरटाइम कंपनीत असतो, शेतात नाही." मालक म्हणतात, माणसं मुकादमाची, हिशेब त्याच्याशी करा.

मी थोडं वाचलं. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत (तो लागू असलेल्या कामांच्या यादीत) शेती होतीच. केंद्राच्या १९५० च्या नियमांत जादा कामाला शेतीत दीडपट, बाकीकडे दुप्पट दर होता. (हा फरक करणाऱ्याने एक दिवस खुडा करून बघायला हवा होता.) २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली. तिच्या कलम १४ मध्ये दुपटीपेक्षा कमी नाही असं आहे आणि शेती वेगळी काढलेली दिसत नाही. बरोबर समजलोय ना?

खरी अडचण पुराव्याची. हजेरीवही मुकादमाच्या खिशात. आमच्याकडे फक्त भिंतीवरचं कॅलेंडर. दुधाच्या खुणांशेजारी आई घरी आल्याची वेळ पेन्सिलीने लिहिते. शिवाय शेवटचे चार दिवस पेटीवर, म्हणजे भरलेल्या पेट्या मोजून पैसे दिले, त्यांचं काय? तक्रार केली तर पुढच्या खुड्याला बोलावणार नाहीत, ही भीती वेगळीच.

प्रतिसाद १
बरोबर समजलात. कॅलेंडर जपून ठेवा, फोटोही काढा. पैसे दिले नाहीत किंवा कमी दिले असा दावा केला, की दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते (वेतन संहितेचं कलम ५९). मुकादम-मालक टोलवाटोलवीला कलम ४३ दाखवा: नेमणाऱ्याने दिले नाहीत, तर आस्थापनेचा मालक जबाबदार. पेटीवर काम असलं आणि त्या कामाचा किमान दर पेटीवर नव्हे, तर वेळेच्या हिशेबाने ठरलेला असला, तर त्याहून कमी देता येत नाही. आधी तालुक्याच्या नव्हे, जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जा. दाव्याला तीन वर्षं मुदत आहे, जुन्या कायद्यात सहाच महिने होती. म्हणजे खुडा संपल्यावर, हिशेब हातात आल्यावर अर्ज केला तरी चालतो. अनेकींचा मिळून एकच अर्जही करता येतो.

धागाकर्ता
खूप आभार. कलम ४३ माहीतच नव्हतं. आई म्हणते, एकटीचं नाव नको, टोळीतल्या चौघींशी बोलते. त्यातल्या एकीच्या मोबाइलमध्ये रात्री पॅकिंग शेडमध्ये काढलेले फोटो आहेत, वेळेसकट. ते जोडावेत का?