बांबूच्या धनुष्यावरून जुन्या कंपाउंड धनुष्यावर जाऊ का?

प्रश्न: सहा वर्षं तिरंदाजीत इंडियन राउंड खेळतेय, बांबूच्या धनुष्यावर, 30 आणि 50 मीटर. आता मैदानावरच्या एक ताई त्यांचं वापरलेलं कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) देतायत, ओढायला 50 पाउंडांचं. घ्यावं का? बांबूची मूठ हाताला इतकी सवयीची झालीय की जीव अडकतो.

प्रतिसाद: पाउंड नंतर, आधी ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती मागे ओढली जाते, ते बघ. बांबू ओढशील तिथवर येतो, कंपाउंडमध्ये ते टोकाचं चाक, म्हणजे कॅम, ठरवतो. ताई उंच असतील तर मॉड्यूल (कॅमवरचा ही लांबी ठरवणारा भाग) बदलावं लागेल. लिंबवरून (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांवरून) कापूस फिरव, तंतू अडकले तर तडा समज. आणि बाण न लावता स्ट्रिंग कधीही सोडू नकोस!

प्रश्नकर्ती: फिरवला. खालच्या लिंबला अडकला. धस्स झालं.

प्रतिसाद: मग ओढूसुद्धा नकोस. ताईंनाही आजच सांग.