मदत हवी आहे: कोल्हापूरजवळच्या वडणगेत जुनं घर घ्यावं का?

नमस्कार मंडळी. नोकरी शिरोली एमआयडीसीत, सध्या राजारामपुरीत भाड्यानं राहतोय. वडणगे गावठाणात एक कौलारू, सोप्याचं घर विकायला आहे. सागवानी खांब, मागं परडं, परड्यात आड. आईचा तर तिथून पायच निघेना.

पण २०१९ आणि २०२१चा महापूर डोळ्यांसमोरून हटत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की गावाचा रस्ता किती दिवस बंद राहतो? घर निळ्या पूररेषेत (नदीकाठच्या बांधकामबंदीच्या पट्ट्यात) येतं का, हे नेमकं कुठं बघायचं? मालक फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८चा (घरपट्टीच्या नोंदीचा) उतारा दाखवतात आणि वारस पाच आहेत. एवढ्यावर बँक कर्ज देते का? रोज शिवाजी पुलावरून ये-जा करणाऱ्यांनी कृपया खरं ते सांगा.