मदत हवी आहे: डिचोली-सत्तरीत कादंबरी वाचकांपर्यंत कशी पोचवू?

नमस्कार मंडळी. माझी पहिली कादंबरी नुकतीच स्वखर्चाने छापून आली. २०१२ साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्यावर डिचोलीतल्या एका ट्रकवाल्याच्या घरात काय काय झालं, त्याची ही गोष्ट. म्हणून ती आधी ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्या हातात पडावी, असं मनापासून वाटतं. पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत प्रत देणारच आहे, मडगावच्या गोमंत विद्या निकेतन या सांस्कृतिक संस्थेतही विचारीन. अडचण गावांची आहे.

साखळी, वाळपई, पाळी या भागात छोटी वाचनालयं किंवा महिला मंडळं चालवणारं कुणी इथे आहे का? तासाभराचं वाचन आणि गप्पा, एवढंच करायचंय, मानधन नको. दुसरं, जत्रेच्या फेरीत, म्हणजे तिथे भरणाऱ्या दुकानांच्या बाजारात, पुस्तकांचा स्टॉल लावायचा तर परवानगी देवस्थान समितीकडे मागायची की पंचायतीकडे? भाडं साधारण किती पडतं? नाटकाच्या मध्यंतरात पुस्तकं विकून पाहिलीत का कुणी? मला तो प्रेक्षक फार जवळचा वाटतो, रात्रभर बसून ऐकणारा. आणि दुकानदार विक्रीवर किती टक्के कापतात तेही सांगा. ज्यांनी स्वतः केलंय त्यांचा अनुभव हवाय.