उद्योजकता विषय: प्रत्यक्ष विक्री आणि सीनियर मेंटर कसे बसवायचे?

खडू_फळा: दुसऱ्या वर्षाची 60 मुलं, 12 आठवडे. बिझनेस प्लॅन लिहून घेण्याऐवजी मुलांना खरंच काहीतरी विकायला लावायचंय आणि तिसऱ्या वर्षाची मुलं मेंटर म्हणून जोडायचीत. गट केवढे, भांडवल कुठून, मार्क कशावर?

वहीखातं: गट चौघांचे करा. पाचवा आला की एकजण सहीपुरताच उरतो. पहिले दोन आठवडे वस्तू बनवायला हातच लावू देऊ नका. प्रत्येक गटाने 10 अनोळखी ग्राहकांशी बोलायचं, आणि "तुम्ही हे घ्याल का?" हा प्रश्न बाद. भिडेखातर सगळेच हो म्हणतात. "मागच्या वेळी ही अडचण आली तेव्हा काय केलंत, किती खर्च आला?" असं विचारायला लावा. तिसऱ्या आठवड्यात एकच नमुना दाखवून आगाऊ पैशांसह किमान 5 नोंदण्या. नाही मिळाल्या तर कल्पना बदला, तेव्हा बदलणं स्वस्त पडतं.

भांडवल विभागाने उसनं द्यावं, बुडालं तरी झेपेल इतकंच.

खरी गोची हिशोबात होते. नग 100 ला विकला. कच्चा माल 60, पॅकिंग 8, पोहोचवणं 12. हातात 20. स्टॉल आणि छपाईचा स्थिर खर्च 1,500 असेल तर 75 नगांवर बरोबरी, म्हणजे ना नफा ना तोटा. मुलं मात्र 100 मधून फक्त 60 वजा करतात, नगामागे 40 सुटले असं धरतात आणि 38 नगांवर पेढे वाटतात. तेव्हा खरं तर 740 चा तोटा असतो. न खपलेला माल आणि स्वतःचे तास तर धरलेलेच नाहीत.

तिसरा_बाक: मेंटरबद्दल. एकाकडे तीन गट, म्हणजे पाच मेंटर, शिवाय एक राखीव ठेवा (परीक्षा जवळ आली की कोणीतरी गळतोच). दर आठवड्याला गटामागे 30 मिनिटं, प्रश्न ठरलेले: ठरलेल्यातलं काय झालं, कुठे अडलं, पुढचं काम कोण कधीपर्यंत करणार? मार्क मेंटरच्या हातात देऊ नका, नाहीतर गट अडचणी लपवतो. आणि मेंटर हमखास स्वतःची गेल्या वर्षीची कल्पना पुढे रेटतो. म्हणून आधी दोन सराव सत्रं घ्या, ज्यात त्याने फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही.

खडू_फळा: मार्क नफ्यावर दिले तर?

वहीखातं: अजिबात नको सर, घरचेच सगळा माल उचलतात. साप्ताहिक नोंदवही 40, मुलाखती 20, हिशोब 25, गटातल्यांनी एकमेकांचं केलेलं गुप्त मूल्यमापन 15. यात प्रत्येकाने 100 गुण उरलेल्या तिघांत वाटायचे, प्रत्येक आकड्यापुढे एक ओळ कारण लिहायचं. कारण मागितलं नाही तर सगळे 33-33-34 करून मोकळे होतात. सहाव्या आठवड्यात एकदा फक्त इशाऱ्यापुरतं, बाराव्यात मार्कांसाठी.

तिसरा_बाक: पैसे घेणारा आणि वही लिहिणारा वेगळा हवा, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाका.