मदत हवी आहे : भीमगडच्या कडेच्या गावांत अस्वल, फासकी आणि भरपाईबद्दल लोकांशी मराठीतून कसं बोलावं?

नमस्कार मंडळी. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याला लागून आमचं गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. गावातली आम्ही काही पोरंपोरी, शाळेचे एक गुरुजी आणि अंगणवाडीच्या बाई असे मिळून आजूबाजूच्या वाड्यांवर जंगली जनावरांबद्दल लोकांशी बोलायला लागलोय, त्यात मदत पाहिजे म्हणून हा धागा. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं, साधारण १९० चौरस किलोमीटर. एका अंगाला गोव्यातलं म्हादई अभयारण्य, दुसरीकडं दांडेलीचं जंगल म्हणजे काळी व्याघ्र प्रकल्प, त्यामुळं वाघ, गवे, हत्ती सगळ्यांची ये-जा ह्याच पट्ट्यातून. चंदगड-दोडामार्गकडं जे हत्ती गेले तेही कर्नाटकातल्या जंगलातूनच गेले. पण आत माणसंही राहतात, गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव, देगाव अशी जुनी गावं, मराठी बोलणारी, शिवाय धनगर गवळ्यांचे वाडे वेगळे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वाट बंद, आजारी माणसाला खांद्यावरून चालत आणायला लागतं. हे आधी सांगायचं कारण म्हणजे आम्ही जनावरांचा विषय काढला की लोक पहिल्यांदा हेच काढतात, आणि ते बरोबरच आहे.

मागच्या बैठकीत एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "गवे रोज रात्री येऊलेत, भात तुडवून जाऊलेत, तेचं कोन बोलंना, अन् तुमी अस्वलाला जपा म्हणून सांगाय आलाय?" सगळी बैठक त्यांच्या बाजूनं झाली. दुसरा एक जण म्हणाला की आज जनावरांचं सांगतील, उद्या गाव उठवा म्हणतील. ही भीती फार खोल आहे. वनहक्क कायदा २००६ चा आहे, त्यात आधी लोकांचे हक्क ठरवायचे आणि ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय अभयारण्यातून कुणाला हलवायचं नाही असं स्वच्छ लिहिलंय, पण हे मराठीत, चार सोप्या वाक्यांत लिहिलेलं काही आमच्या हातात नाही. जी पत्रकं मिळतात ती कानडीत. शाळेतली पोरं वाचतात, पण शेतात राखणीला जाणारे त्यांचे आजोबा नाही वाचू शकत, आणि अस्वल तर आजोबांनाच भेटतंय.

अस्वलाचा विषय आमच्याकडं सगळ्यात जवळचा आहे. उन्हाळ्यात फणस पिकायला लागला, करवंदं-जांभळं आली की ते पार घराच्या परड्यापर्यंत येतं. गुरुजींनी पोरांना रानवाटेवर पडलेली अस्वलाची विष्ठा काडीनं उकलून दाखवली, आत नुसत्या जांभळाच्या बिया आणि वाळवीचे तुकडे, पोरं अर्धा तास तिथून हलली नाहीत. त्याची नजर कमी, नाक तेज, आणि वारुळ उकरण्यात दंग असलं की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही, मग दचकून अंगावर येतं, पिल्लं पाठीवर असली तर जास्तच. म्हणून आम्ही सांगतो की पहाटे आणि तिन्हीसांजेला एकट्यानं जाऊ नका, बोलत जा, काठीला घुंगरू बांधा, पिकलेला फणस घराजवळ झाडावर ठेवू नका. एवढं लोकांना पटतं, कारण जीव त्यांचा आहे. ह्यापेक्षा जास्त काय सांगावं, कुणी अस्वलाच्या भागात काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

पटत नाही ते फासकीचं, म्हणजे जनावर अडकवायच्या वायरीच्या फासाचं. डुकरासाठी लावतात, मोटारसायकलच्या क्लचची वायर, एक टोक किंजळाच्या खुंटाला गच्च बांधलेलं, कुंपणात गुडघाभर उंचीवर मुद्दाम खिंडार ठेवून त्यात फास सोडलेला, दोन बाजूंना काटेरी फांद्या म्हणजे जनावर तिथूनच जाणार. आम्हाला जी दिसली तिच्यात गावातलंच कुत्रं अडकलं होतं, कमरेत वायर रुतलेली, पकडीनं तोडून सोडवलं. वायरीला काय कळतंय डुक्कर कुठलं आणि बिबट्या कुठला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ही शिकार होते, केस पडते, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी लावतात, कारण एका रात्रीत वर्षाचं भात जातंय. काही जण कुंपणात सरळ घरातला करंट सोडतात, ते तर माणसाच्याही जिवावर. सोलर कुंपणाचा झटका बसतो पण जीव जात नाही, पण खर्च एका शेतकऱ्याच्या आवाक्यातला नाही. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून सामाईक सोलर कुंपण घातलंय असं कुठं झालंय का? देखभाल कोण करतं, वायरीवर आलेलं रान पावसाळ्यात कोण काढतं, भांडणं होतात का, हे खरं खरं ऐकायचंय.

आता मुख्य प्रश्न. माझं मत असं झालंय की आधी भरपाईच्या अर्जाला मदत करायची, जनावरांचं नंतर बोलायचं. कर्नाटकात ई-परिहार म्हणून ऑनलाइन सोय आहे, पण आमच्याकडं नेटवर्क टेकडीवर मिळतं, फॉर्म कानडीत, आणि उतारा अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत तुडवलेलं भात पुन्हा उभं तरी राहतं नाहीतर कुजून जातं. बंदीपूर-नागरहोळेकडं सेंटर फॉर वाइल्डलाइफ स्टडीजनं २०१५ मध्ये वाइल्ड सेवे सुरू केलं, टोल फ्री नंबरला फोन केला की त्यांचा माणूस शेतात येऊन फोटो काढतो, कागद जमवतो, अर्ज भरून देतो. असं छोट्या प्रमाणात, दोन पोरं आणि एका मोबाइलवर, गावपातळीवर चालवता येईल का? उताऱ्यावर नाव नसलेल्या कुटुंबांनी, विशेषतः विधवा बायकांनी, भरपाई कशी मिळवली? कुणी वकील किंवा ग्रामपंचायतीत काम केलेलं असेल तर नक्की लिहा.

शाळेचं मात्र छान चाललंय. इथल्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ आहे, जगात बराच काळ फक्त ह्याच एका ठिकाणाहून माहीत होतं, नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. पोरांना हे सांगितल्यावर त्यांचे चेहरे बघायला पाहिजे होते.

भर : प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. ज्या ताईंनी विचारलं की बायका बैठकीला येतात का, तर संध्याकाळच्या बैठकीला येत नाहीत, स्वयंपाक आणि धारांची वेळ असते. आता अंगणवाडीच्या बाई दुपारी त्यांना वेगळं बसवतात आणि रानात जळणाला, करवंदांना त्याच जास्त जात असल्यामुळं अस्वल कुठल्या वाटेवर दिसतं हे त्यांनाच नेमकं माहीत आहे. काजूच्या बागेतली वाट त्यांनी सांगितली म्हणून आम्हाला कळली.

चंदगडच्या दादांनी हत्तींना शेतापासून लांब ठेवायला मधमाश्यांच्या पेट्यांचं सुचवलंय. खादी ग्रामोद्योगनं २०२१ मध्ये कोडगूत तसा प्रयोग केला होता हे वाचलंय. पण आमच्याकडं जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो त्यात पेट्या टिकतात का, हे जास्त पावसाच्या भागात मधपाळ असलेल्या कुणीतरी सांगा.

अस्वलाचा एकपानी मजकूर आम्ही मराठीत लिहायला घेतलाय, मोठ्या अक्षरात, चित्रांसकट. आजीआजोबांना वाचून दाखवता येईल असा पाहिजे. ज्यांना तपासून द्यायला वेळ आहे त्यांनी इथंच हात वर करा, मी मजकूर प्रतिसादात टाकतो. आणि वनहक्कासाठी अनुसूचित जमातीत नसलेल्यांना ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, तो धनगर गवळी कुटुंबांनी कुठल्या कागदांवर उभा केला हे अजून कुणी सांगितलं नाहीये, त्याची वाट बघतोय.