मदत हवी आहे : चिकट पानांच्या अल्बममधले जुने फोटो

घरचे जुने फोटो पुढच्या पिढीसाठी नावानिशी लावून ठेवतेय. १९६१ च्या पानशेतच्या पुरातून वाचलेल्या कृष्णधवल फोटोंचं जमलंय. मागे कडेला मऊ पेन्सिलीने माहेरचं-सासरचं पूर्ण नाव, गाव, अंदाजे साल. (नुसतं 'माई' लिहून भागत नाही, आमच्याकडे प्रत्येक पिढीत एक माई आहे.) शिवाय ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून टिफ फाइल (चित्राचा दर्जा न घटवता साठवणारी).

अडलंय ते ऐंशीच्या दशकातल्या रंगीत फोटोंपाशी. वरचा प्लास्टिकचा पापुद्रा सहज निघतो, पण फोटो पिवळ्या पडलेल्या गोंदाला घट्ट बसलेत. दात साफ करायचा बिनवासाचा दोरा मागून करवतीसारखा सरकवला. कडेचे सुटले, मधल्या एकाचा कोपरा मुडपायला लागला, तिथेच थांबले. हेअर ड्रायर लावायचा धीर होत नाही, रंग उडाला तर? जे सुटले त्यांची पाठ इतकी गुळगुळीत की पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनची शाई दुसऱ्या फोटोला लागते.

निगेटिव्ह उरलेल्या नाहीत. आई अल्बम घराबाहेर देणार नाही, त्यामुळे स्टुडिओचा पत्ता नको. पानासकट स्कॅन करून झालंय, मूळ फोटोच सोडवायचेत.

कुणी घरच्या घरी असे फोटो सोडवलेत का, आणि कशाने? आणि गुळगुळीत पाठीवर टिकणारं, न पसरणारं पेन पुण्यात अप्पा बळवंत चौकात नेमकं काय म्हणून मागायचं?