मदत हवी आहे : चूल वेगळी, पण कुटुंब एकच? मोरेनो आणि कॅस्टिलो निकालांची संगती

नमस्कार. अमेरिकेतील कल्याणकारी योजनांमध्ये 'कुटुंब' कोणाला म्हणायचे, यावरून झालेल्या खटल्यांवर मी प्रबंध लिहीत आहे आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या मोरेनो आणि कॅस्टिलो या दोन निकालांपाशी माझा युक्तिवाद अडला आहे.

फूड स्टॅम्प कायद्यात (गरीब कुटुंबांना अन्नखरेदीसाठी सरकारी मदत देणारा कायदा) १९७१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, घरातील एक जरी व्यक्ती इतर कोणाचीही नातेवाईक नसेल, तर ते संपूर्ण घर मदतीस अपात्र ठरत असे. मोरेनो खटल्यातील एक अर्जदार मधुमेहाने आजारी असलेली स्त्री होती. ती दुसऱ्या एका स्त्रीसोबत आणि तिच्या तीन मुलांसोबत राहत होती, आणि त्या एकत्र राहण्यामुळेच सगळे अपात्र ठरत होते. (हा तपशील वाचून आजही अस्वस्थ व्हायला होते.) न्यायालयाने १९७३ साली सात विरुद्ध दोन मतांनी ही तरतूद रद्द केली. तिचा रोख हिप्पींवर, म्हणजे रूढ जीवनशैली नाकारून समूहाने राहणाऱ्या तरुणांवर होता, आणि लोकांना नकोशा वाटणाऱ्या गटाला त्रास देण्याची निव्वळ इच्छा हा शासनाचा वैध हेतू होऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

पुढे १९८१ आणि १९८२ च्या दुरुस्त्यांनी नेमके उलट गृहीत धरले : एकत्र राहणारे आईवडील, मुले आणि भावंडे यांच्या चुली वेगळ्या असल्या तरी ते एकच कुटुंब, दूरच्या नातेवाइकांना आणि नाते नसलेल्यांना मात्र वेगळी चूल दाखवून वेगळे कुटुंब म्हणून अर्ज करता येईल. कुटुंब मोठे धरले की माणशी मदत घटते. तरीही १९८६ च्या कॅस्टिलो निकालाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही तरतूद वैध ठरवली. जवळचे नातेवाईक बहुधा एकत्रच स्वयंपाक करतात आणि प्रत्येक घराची चौकशी करणे परवडणारे नाही, असा बहुमताचा आधार दिसतो.

माझ्या मते खरा फरक हेतूपेक्षा परिणामात आहे : पहिल्या नियमाने माणसे योजनेबाहेर फेकली जात होती, दुसऱ्याने त्यांची मोजणी बदलली. परंतु कॅस्टिलोच्या बहुमतात हा भेद स्पष्टपणे मांडलेला मला आढळत नाही. १९६८ चा किंग विरुद्ध स्मिथ निकाल येथे उपयोगी पडत नाही, कारण अलाबामा राज्याचा 'पर्यायी पित्या'चा नियम (आईशी संबंध असलेल्या पुरुषाला मुलांचा पिता मानून मुलांची मदत नाकारणारा) संविधानाच्या नव्हे, तर सामाजिक सुरक्षा कायद्याच्या आधारे बाद झाला होता.

माझा भेद निकालपत्राच्या कोणत्या परिच्छेदावर उभा करता येईल, की मोरेनोला दुष्ट हेतूपुरताच मर्यादित मानणे अधिक प्रामाणिक ठरेल? हे दोन्ही निकाल बारकाईने वाचलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.